सातवं टेकाड

बीडच्या मोंढ्याच्या बाजारात वीरभद्रप्पाचं हसं झालं ते एका प्लॉटपायी. आता प्लॉट काय, त्या चौऱ्याण्णव साली ज्याला त्याला घ्यायचा होता. गावाला नुसतं येड लागलं होतं. नगर रोडला जिथं कालपरवापर्यंत करडई पेरायचे, तिथं चुन्याच्या रेघा पडल्या, सिमेंटचे खांब उभे राहिले आणि लोखंडी कमानीवर ‘हिरवळ नगर’ अशी अक्षरं आली. हिरवळ म्हणाल तर तेवढ्या अक्षरांतच. पण तहसीलातला कारकून असो की शाळेतला मास्तर, घरात रंगीत टीव्ही आला रे आला की त्याला वाटायचं, हा टीव्ही ठेवायला आता स्लॅबचं घर पाहिजे.

वीरभद्रप्पा सुंठ-मिरी, हळद-धने विकणारा जुना वाणी. वय चोपन्न, कपाळाला भस्माची तीन बोटं, गळ्यात लिंग आणि बोलणं मोजकं. हा माणूस एके दिवशी दुकान अर्धं उघडं टाकून मोहनरावाच्या ऑफिसात गेला आणि म्हणाला, "ते दगडाचं टेकाड हाय ना, तो प्लॉट मला द्या."

मोहनराव हिरवळ नगरचा मालक. प्लॉट विकणं हा त्याचा धंदा, पण त्यालाही दया आली. "अप्पा, दिमाग ठिकाणावर हाय ना? कोपऱ्याचा घ्या, पार्काच्या समोरचा घ्या. तिथं नुसते धोंडे हायेत. एकेक धोंडा म्हशीएवढा."

"असू द्या. बुलडोझर तेवढा लावू नका. जसं हाय तसं द्या."

मोहनरावानं कोपरापासून हात जोडले आणि प्लॉट दिला.

घरी शांतादेवीनं ऐकलं आणि हातातलं लाटणं खाली ठेवलं. नवऱ्याच्या अंगावर ओरडायची तिला सवय नव्हती, पण टोमणा मारण्यात तिचा हात धरणारी अख्ख्या गल्लीत कुणी नव्हती. "बरं केलं बाई. घरात दगडाची कमीच होती. हा एकच होता सुंठ ठेचायचा," असं म्हणून तिनं ओट्यावरची पांढरी गारगोटी उचलून दाखवली. "आता ह्याच्या भावंडांवर बंगला बांधा. पोरगी कॉलेजात शिकतीय, तिला बघायला पाव्हणे येतील, त्यांना धोंड्यावर बसवा."

वीरभद्रप्पानं गारगोटीकडं बघितलं आणि हातपाय धुवायला गेला. बोलला असता तर सगळंच बोलावं लागलं असतं.

कारण गोष्ट सत्तेचाळीस सालची होती. वीरभद्र तेव्हा सात वर्षांचा. दिवाळी चार दिवसांवर आलेली, निजामाचं राज्य, दिवसाढवळ्या रस्त्यात कोण कुणाला आडवं येईल याचा भरवसा नव्हता. त्याचा बाप विश्वेश्वरप्पा टट्टूवर हळद-मिरीच्या गोण्या लादून पाटोद्याच्या बाजाराला गेलता. लोकांनी जाऊ नको म्हणून सांगितलं होतं. पण सणाचा बाजार चुकवील तो वाणी कसला? गेला, आणि आला नाही. तिसऱ्या दिवशी टट्टू एकटं आलं. पाठीवर नुसत्या रिकाम्या गोण्या, लगाम लोंबतोय, आणि एका गोणीच्या तळाशी बापाच्या उपरण्यात गाठ मारून बांधलेली एक मुठीएवढी पांढरी गारगोटी.

आईनं गाठ सोडली, दगड बघितला आणि तो अंगणात भिरकावून दिला. "मारलं ते मारलं, वर आमच्या तोंडावर दगड मारून पाठवला! मेल्यांनो, तुमचं वाटोळं होईल!" असा तिनं हंबरडा फोडला. मारणारे वाटमारे होते की रझाकार, ते कधीच कळलं नाही. टट्टू मात्र पुढचे आठ दिवस खुंट्याला हिसके देत होतं. मावळतीकडं तोंड करून उभं राहायचं, चारा खायचं नाही, दावं ताणायचं. आईला ते बघवेना. मग तिनं ते एका गिऱ्हाइकाला विकून टाकलं.

महिन्याभरानं पाटोद्याकडून एक माणूस निरोप घेऊन आला. तोही ऐकीव. कुण्या धनगरांनी म्हणे एका वाण्याला दगडाच्या टेकाडापाशी मातीत ठेवलं, तुमच्यासारखं बसवून. कुठले धनगर? माहीत नाही, कळप पुढं गंगथडीला, गोदावरीच्या काठाला गेला. कुठलं टेकाड? तेही माहीत नाही.

आता हे समजून घ्या. लिंगायतात मेलेल्या माणसाला जाळत नाहीत आणि आडवंही ठेवत नाहीत. मांडी घालून बसवतात, डाव्या तळहातावर त्याचं लिंग देतात, भस्म आणि बेल वाहतात, मग माती. त्या जागेवर घरच्यांनी जायचं असतं, बेल वाहायचा असतो. आणि नगर रोडच्या त्या माळावर दगडाची टेकाडं होती सात. गोल रिंगण, मधे ढीग. कुणी म्हणायचं राक्षसांच्या चुली, कुणी म्हणायचं जुन्या शेतकऱ्यांनी वेचून टाकलेले धोंडे. आईनं काय करावं? दर शिवरात्रीला ती सात बेलाची पानं घेऊन निघायची आणि सातही टेकाडांवर एकेक ठेवायची. "यातल्या एका तरी ठिकाणी पोचतंय रे बाबा," असं पोराला सांगायची. दिसेल त्या धनगराला विचारायची. पुढं सुनेला मात्र माळावरच्या महादेवाला जाते एवढंच सांगायची. तीस वर्षं तिनं हे केलं. ती गेल्यावर वीरभद्रप्पानं केलं.

आणि ती गारगोटी? लहानग्या वीरभद्रानं ती अंगणातून उचलून लपवून ठेवली. बापाच्या उपरण्यातून आलेली वस्तू, टाकवेना. पुढं आईचा राग निवला, ती लपवायची गरज राहिली नाही, मग ती स्वयंपाकघरात आली, आणि शांतादेवी लग्न होऊन आली तेव्हापासून तिच्यानं सुंठ, सुपारी, वेलदोडे सगळं ठेचलं जात होतं. एक बाजू घासून घासून पार सपाट झाली होती.

तर चौऱ्याण्णव साली शिवरात्र झाली आणि उन्हाळ्यात दुकानावर आलेला एक गवंडी सहज बोलून गेला, "हिरवळ नगरात दगडाची काय ददात न्हाई अप्पा. सहा टेकाडं फोडून जोत्यात घातली. एक राहिलंय." वीरभद्रप्पाच्या हातातला तराजू तसाच राहिला. "आत काय निघालं का रे? हाडं वगैरे?" गवंडी हसला. "बुलडोझर चालू असला की कोण बघतंय?"

म्हणून प्लॉट. सातातलं एक राहिलं होतं. बाप त्यात असला तर असला. नसला तर कुणाच्या तरी टीव्हीच्या खोलीखाली कायमचा गेला. एवढं सरळ होतं ते, आणि एवढं सरळ असूनही ते बायकोला सांगणं त्याला कधी जमलं नव्हतं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी त्यानं दोन गडी लावले. सोबत त्याची मुलगी शिवानी. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती, इतिहास घेऊन, आणि बापाला एकटं सोडायला तयार नव्हती. जोराची मशिनरी नाही, सुरुंग नाही. पहार, टिकाव, घमेलं. वीरभद्रप्पानं टेकाडावर बेल ठेवला, धोतर खोचलं आणि पहिला दगड स्वतः उचलला.

रिंगणातले धोंडे जागचे हलवायचे नाहीत असं त्यानं बजावलं होतं. मधला ढीगच दोन दिवस पुरला. वरचे दगड कसे होते! काळे, तांबूस, करडे, पांढरे, कुणी मुरमाचा, कुणी नदीतला गुळगुळीत. एका माळावर इतक्या जातीचे दगड येतात कुठून, याचं शिवानीला नवल वाटत होतं. "अप्पा, हे इथले नाहीत. कुणीतरी आणून टाकलेत." बापाचं लक्ष नव्हतं. त्याचं लक्ष खाली होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी शिळा लागली. एक नव्हे, तीन. त्या सरकवायला दोन गडी पुरेनात, मग शेजारच्या घराच्या जोत्यावरचे आठ मजूर बोलवावे लागले. मधली शिळा बाजूला झाली आणि आतून गार, कोरडी हवा वर आली. सगळे मागं सरले. वीरभद्रप्पा मात्र काठावर पोटावर पालथा झाला आणि आत बघू लागला.

आत माणूस बसला होता.

गुडघे छातीशी, पाठ दगडाला टेकलेली, मान किंचित पुढं. दुकान बंद करून दमलेला माणूस ओट्यावर बसतो ना, तसा. आणि डावा हात मांडीवर, बोटांच्या हाडांच्या ओंजळीत एक काळा, गोल, लिंबाएवढा गोटा.

"अप्पा!" वीरभद्रप्पाच्या तोंडून निघालं. चोपन्न वर्षांचा माणूस, मोंढ्यात ज्याचा आवाज कुणी चढलेला ऐकला नव्हता, तो त्या खड्ड्याच्या काठावर लहान लेकरासारखा हमसून रडला. "अप्पा, मी वीरभद्र. लई उशीर झाला हो अप्पा!" शिवानीनं बापाला असं कधी बघितलं नव्हतं. तीही रडली. मजुरांनी डोक्याची मुंडाशी काढली.

मग काय, पोरगी धावत घरी गेली, शांतादेवीला घेऊन आली, येताना मठातल्या स्वामींना. शांतादेवीनं खड्ड्यात बघितलं, नवऱ्याकडं बघितलं आणि सगळं ऐकून घेतल्यावर तिच्या तोंडून एकच वाक्य आलं, "मला कावून न्हाई सांगितलं ओ कधी?" मग पदर खांद्यावरून घेऊन ती सासऱ्यापुढं वाकली. स्वामींनी भस्म उधळलं, मंत्र म्हटले, बेल वाहिला. घंटा वाजली. हिरवळ नगरातल्या नव्या गच्च्यांवर माणसं जमली आणि कुणीही हसलं नाही.

सत्तेचाळीस वर्षांचं ओझं उतरलं होतं. वीरभद्रप्पा त्या दिवशी पोटभर जेवला.

दुसऱ्या दिवशी शिवानी कॉलेजातले उत्तरेश्वर सर घेऊन आली. तिला एक गोष्ट खटकत होती. माणसाच्या पायाशी मडकी होती. आतून काळी, बुडाला तांबडी, इतकी पातळ की वाजवली तर काशाच्या भांड्यासारखा नाद यावा. आणि एक लोखंडी कुऱ्हाड, गंजून पापुद्रे सुटलेली. धनगरांनी घाईघाईत पुरलेल्या वाण्यापाशी हे कुठून येणार?

सर खड्ड्यात उतरले. तासभर बसून राहिले. वर आले तेव्हा त्यांच्या चष्म्यावर घाम होता. "अप्पा, कसं सांगू कळत नाही," ते म्हणाले. "हे तुमचे वडील नाहीत."

"तुमी बघितलंत का माझ्या वडिलांना?" वीरभद्रप्पा ताडकन उठला. "हातात लिंग हाय! बसवलेला हाय! लिंगायताशिवाय कोण बसवतंय?"

"तोच तर घोटाळा झाला. बसवून पुरायची रीत आपल्याही आधीची निघाली." सरांनी अदबीनं तो गोटा दाखवला. "हे लिंग नव्हे. गोफणीचा गोटा असावा, माझा अंदाज आहे. ही मडकी, ही शिळा, हे रिंगण... माणूस तीन हजार वर्षांपूर्वीचा आहे. थोडा इकडं, थोडा तिकडं."

वीरभद्रप्पानं पुन्हा खड्ड्यात बघितलं. बाप हातात आला होता आणि एका वाक्यात निसटला. बरं, नुसता निसटला नाही, परक्या माणसाला आपण भस्म लावलं, बायकोला त्याच्या पाया पडायला लावलं, पोराबाळांदेखत त्याच्यापुढं रडलो. त्याला शरम वाटली, राग आला. मग त्यानं विचारलं, "तीन हजार म्हणजे किती ओ, सर?"

सर शिकवण्यात हुशार होते. त्यांनी रस्त्याकडं हात केला. "तुमचे वडील इथं उभे करा. त्यांच्या मागं त्यांचे वडील. त्यांच्या मागं त्यांचे. असे शंभर, सव्वाशे बाप एकामागं एक उभे केले की रांग त्या कमानीपर्यंत जाईल. त्या रांगेत जो सगळ्यात शेवटी उभा असेल ना, त्यानं कदाचित ह्या माणसाला ओळखलं असतं."

वीरभद्रप्पानं कमानीकडं बघितलं. उन्हात रस्ता रिकामाच होता, पण त्याला ती रांग दिसली. धोतरातले, लंगोटीतले, कातडं पांघरलेले बाप. तो एकाच बापासाठी जन्मभर झुरला होता आणि इथं सव्वाशे उभे होते, त्यांतल्या दोघातिघांचीच नावं त्याला ठाऊक. कंकालेश्वराचं देऊळ नव्हतं तेव्हा हा इथं बसला. बीड हे नाव नव्हतं तेव्हा बसला. राज्यं आली, गेली, निजाम गेला, आता टीव्ही आला, आणि हा गोटा हातात धरून बसूनच आहे. वीरभद्रप्पाच्या अंगावर सरसरून काटा आला. राग कुठल्या कुठं गेला. त्यानं आपोआप हात जोडले, आणि या खेपेला ते कुणाचा बाप म्हणून जोडले नव्हते.

पण मन काही हललं नाही जागचं. आपले अप्पा इथं नाहीत म्हणजे ते त्या सहातल्या एकात होते. संपलं. जोत्याच्या दगडांत आता काय शोधणार?

सर पुरातत्त्व खात्याला पत्र लिहायला बसले होते, मडकी, हाडं औरंगाबादला न्यावी लागतील असं म्हणत होते, तेवढ्यात मेंढरं आली.

हिरवळ नगरच्या डांबरी रस्त्यावरून दोनशे मेंढरं, दोन घोड्या, घोडीवर बांधलेली कोंबडी आणि पाळण्यातलं पोर. गच्च्यांवरून लोक ओरडत होते, अरे फाटक लाव, झाडं खातील! कळपाच्या पुढं एक साठीची बाई, कपाळावर कुंकवाचा भला मोठा ठिपका, हातात काठी. इकडं तिकडं बघत, खांबांना शिव्या देत ती थेट टेकाडापाशी आली आणि खड्डा बघून जागीच थबकली.

"कुणाचे हात झडले रं हे!" तिचा आवाज असा लागला की सरांच्या हातातला कागद उडाला. "बसल्या बाबाला उघडं पाडलं? ऊन लागतंय की त्याला, मुडद्यांनो!"

"बाई, ऐका..." उत्तरेश्वर सर पुढं झाले आणि मधेच थांबले. त्यांचा चेहरा बदलला. "काय म्हणालात? बसला बाबा?"

"मग काय उभा हाय का? बसलाच हाय."

"पण तुम्ही तर आत्ताच आलात. अजून आत बघितलंही नाही. तो बसलेला आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सासऱ्यानं. सासऱ्याला त्याच्या आज्यानं. समदेच सांगत आलेत."

"त्यांनी कधी उघडून बघितलं होतं?"

"शिव शिव! उघडतंय कोण? वर दगड ठेवायचा, फुडं जायचं."

सर शिवानीकडं वळले. त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. "शिवानी, शिळा जागच्या हललेल्या नव्हत्या. हे टेकाड कालपर्यंत कुणीही उघडलेलं नाही. ज्यांनी त्याला बसवलं, त्यांनी सांगितलंय हे. तिथपासून हिच्यापर्यंत तोंडातोंडी आलंय."  त्यांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकानं पुसला. वीरभद्रप्पाला रांग पुन्हा दिसली, आणि या खेपेला त्या रांगेतल्या प्रत्येकानं पुढच्याच्या कानाला तोंड लावलेलं होतं.

बाईचं नाव सारजाबाई. आष्टीकडची. दरसाल दसरा झाला की तिचा कळप गंगथडीला जायचा, आणि जाताना एक दिवस या माळावर. घरून निघताना प्रत्येकानं आपल्या शिवारातला एक दगड घ्यायचा आणि इथं ठेवायचा. म्हणून ते नाना जातीचे दगड. रागाचा पहिला भर ओसरल्यावर तिनं कमरेची पिशवी सोडली, दोन दगड काढले. एक ढिगाच्या उरल्यासुरल्या माथ्यावर ठेवला. दुसरा घेऊन ती रिंगणाच्या उगवतीच्या बाजूला गेली, तिथल्या उंच धोंड्याच्या पायाशी ठेवला आणि काठीवर वाकून कुणाशी तरी बोलावं तसं म्हणाली, "येतील रं बाबा. सवड झाली न्हाई त्येंना. येतील."

"कुणाला म्हणताय, मावशी?" वीरभद्रप्पानं विचारलं. सहज विचारलं.

"वाण्याला."

 वीरभद्रप्पानं शिवानीचा खांदा धरला.

"मी नवी नवरी होते," सारजाबाई सांगू लागली. "चौदा वर्साची. पाटोद्याच्या वाटंला एक वाणी पडलेला, पोटात भाल्याचा घाव. टट्टू त्याच्यापाशी उभं. सासऱ्यानं उचलून आणला, पाणी पाजलं. दिस मावळायच्या आत गेला बिचारा. जाताना म्हनला, मला आडवं टाकू नका, बसवा. हे लिंग डाव्या हातात द्या. सासरा म्हनला, बसायचंय तर आमच्याकडं एक बसलाय की, त्याच्या सोबतीला बस. एकटं कावून बसायचं? मग ह्या धोंड्याला पाठ लावून बसवलता, बाबाकडं तोंड करून. समोरासमोर हायेत दोघं."

शांतादेवी कधी येऊन मागं उभी राहिली होती कुणाला कळलं नाही.

"आमच्यात रीत हाय," सारजाबाई पुढं म्हणाली. "वाटंत कुणी गेलं तर बाबाच्या ढिगातला एक दगड त्याच्या घरला धाडायचा. घरच्यांनी तो परत आणून गेलेल्या मानसापाशी ठेवायचा. तवा मानूस पोचला. वाण्याचं घर आमाला कुठं ठावं? पर टट्टूला ठावं होतं. वाण्याच्याच उपरण्यात गारगोटी बांधली आन् सोडलं टट्टू. त्याला म्हटलं, जा, घरच्यांला घेऊन ये." उंच धोंड्याच्या पायाशी दरसालच्या दगडांमधे मूठभर जागा मोकळी होती, तिच्यावरून तिनं हात फिरवला. "अजून न्हाई आला दगड. मी दरसाल तेवढी जागा सोडून ठेवते."

 वीरभद्रप्पाला अंगणातलं टट्टू दिसत होतं. मावळतीकडं तोंड करून दावं ताणणारं, चारा न खाणारं. ते घेऊन जायला आलं होतं. आठ दिवस बोलावत होतं. आणि आपण ते विकलं.

त्यानं शांतादेवीकडं बघितलं, पण ती जाग्यावर नव्हती. ती रस्त्यानं पळत होती. पन्नाशीची बाई, जिनं उभ्या जन्मात रस्त्यावर पाऊल भरभर टाकलं नव्हतं, ती पदर सावरत पळत होती, आणि कमानीपाशी तिनं एक रिक्षा हात आडवा घालून थांबवली.

अर्ध्या तासानं ती परत आली. ओंजळीत गारगोटी. सपाट झालेल्या बाजूला अजून सुंठीची पिवळसर भुकटी होती. वाटभर ती पदरानं पुसत आली होती, तरी वास गेला नव्हता. "अठ्ठावीस वर्सं ठेचतीय मी ह्याच्यानं," ती रडत म्हणाली. "मला माहीत नव्हतं ओ. देवाशप्पथ माहीत नव्हतं."

सारजाबाईनं दगड हातात घेतला, उलटा-सुलटा केला, नाकाशी नेला. मग वीरभद्रप्पाकडं नीट बघितलं, वरपासून खालपर्यंत. "तू पोरगा होय त्याचा? लई उशीर केलास रं बाबा."

"वाट ठावी नव्हती, मावशी."

"टट्टूला ठावी होती की."

तिनं ते रागानं म्हटलं नव्हतं. वीरभद्रप्पाला रागावली असती तर बरं वाटलं असतं. त्यानं मान खाली घातली आणि गारगोटी घेऊन उंच धोंड्यापाशी गेला.

उत्तरेश्वर सर हळूच म्हणाले, "अप्पा, दोन हात खाली असतील. बघायचं का? खात्री होईल."

"न्हाई सर," वीरभद्रप्पा म्हणाला. "बसलेत. बसू द्या."

त्यानं दगड ठेवला. सत्तेचाळीस वर्षं मोकळी ठेवलेली जागा बरोबर तेवढीच होती. सपाट बाजू खाली आली आणि दगड डळमळला नाही. शिवानीनं बेलाचं पान आणलं होतं. एकच. आजीसारखी सात आणायची आता गरज नव्हती.

सरांनी पत्राचा कागद घडी करून खिशात घातला. मग ते स्वतः खड्ड्यात उतरले, काळा गोटा जसा होता तसा त्या हातात परत ठेवला, मडकी जागच्या जागी लावली. जोत्यावरचे आठ मजूर न बोलावता आले. शिळा बसल्या, वर माती गेली, वर दगड. गच्च्यांवरून माणसं खाली उतरली आणि ज्याच्या अंगणात जो होता तो एकेक दगड घेऊन आला. त्यांत त्या सहा टेकाडांतले कितीतरी असतील. मोहनरावानंही एक आणून ठेवला.

मेंढरं निघाली तेव्हा ऊन कललं होतं. सारजाबाई उंच धोंड्यापाशी जाऊन काठीवर वाकली. दरसाल ती वाण्याला काहीतरी सांगून निघायची. या वर्षी ती थोडा वेळ तशीच वाकून राहिली, मग सरळ झाली आणि वीरभद्रप्पाला म्हणाली, "मला सांगायला काय उरलं न्हाई. आता तूच बोल."

ती गेल्यावर वीरभद्रप्पा बापासमोर मांडी घालून बसला. सात वर्षांचा असताना सांगायचं राहिलेलं बरंच होतं. त्यानं टट्टूपासून सुरुवात केली.